पोत्याशिवाय दोन हजार

दावाव, ९ फेब्रुवारी

प्रिय मानांग दोराय,

तुझा उजवा हात इथूनच माझ्या कपाळाला टेकवते आणि धाकट्या बहिणीच्या अधिकारानं विचारते, गुडघे कसे आहेत? तुझ्या मालकीणबाईंची म्हातारी सासू अजून तुला चोर म्हणते की आता नावानं हाक मारायला लागली? हाँगकाँगला थंडी असेल, पायात मोजे घालत जा. आम्हाला पाठवलेल्या मोज्यांपैकी दोन जोड या पार्सलातून परत पाठवते आहे. दावावच्या उकाड्यात मोजे फक्त मेलेल्या माणसाला घालतात हे तू तिकडे राहून विसरलीस वाटतं. इकडे देवाच्या दयेनं सगळं ठीक आहे. आपल्या तातायंचा रक्तदाबही ठीक आहे (लेकींना ते मोजू देत नाहीत, तेव्हा ठीकच म्हणायचा). तुझी लेक जेरालीन याही सहामाहीला पास झाली. पदवीला अजून दीड वर्ष आहे, पण तोंडानं ती केव्हाच पदवीधर झाली आहे. मी बरी आहे.

हातात फोन असताना ही बाई कागदावर का लिहिते आहे, असं तुला वाटेल. मानांग, आपल्या घरात फोन म्हणजे सार्वजनिक नळ. तुझा चेहरा पडद्यावर दिसला की ताताय येतात, जेरालीन येते, पलीकडच्या नांग पासिंग येतात, त्यांची कोंबडी येते, आणि प्रत्येक जण 'तू जाड झालीस' एवढं सांगून जातो. त्यात बहिणीला बहिणीशी बोलायला जागा कुठली? नांग पासिंगची लेक रविवारी हाँगकाँगला परत निघाली आहे. तिच्या हाती हे पत्र देते. वाटेत उघडून वाचलंस तर तुझं विमान चुकेल, असं मी तिला बजावलं आहे. ती अशा गोष्टींना घाबरते.

आता मुद्द्यावर येते. (मुद्द्यावर लवकर यावं, हे मी गेल्या महिन्यात शिकले. किती शिकले ते या पत्राच्या लांबीवरून कळेलच.) मला हॉलंडमध्ये नोकरी देऊ करत आहेत. काम तेच, जे मी इथल्या लॅबमध्ये एकोणीस वर्षं करते आहे: ऑर्किडची नखाएवढी रोपं चिमट्यानं धरायची, पात्यानं कापायची आणि एकाची चार करून बाटलीत लावायची. माझ्या मनात पहिल्या दिवसापासून एकच आकडा होता, महिन्याला दोन हजार युरो. तेवढ्यात तू दर महिन्याला पाठवतेस तेवढे पैसे मला घरी पाठवता येतील आणि उरलेल्यात मी तिकडे जेवू शकेन. सतरा वर्षं हे घर तुझ्या पैशावर चाललं. आता माझ्या पैशावर चालायला हवं, हा माझा हट्ट. दोन हजारांच्या खाली एक युरो जरी उतरला तरी जायचं नाही, इथेच बाटल्या धुवत राहायचं, असं मी सान्तो निन्योच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावून ठरवलं. मेणबत्ती मोठी आणली होती, तेव्हा मागे फिरायची सोय नव्हती.

पण आकडा मनात असणं वेगळं आणि तोंडात येणं वेगळं.

नोय तिबोंना तू विसरली नसशील. तीस वर्षांपूर्वी त्यांनी सौदीत चौदा महिने एसी दुरुस्त केले आणि तेव्हापासून आपल्या गल्लीतून परदेशी जाणाऱ्या प्रत्येकाच्या करारावर शेवटचा शब्द त्यांचा. (करार दोन वर्षांचा असताना ते चौदाव्या महिन्यात परत का आले, हे विचारायचं नसतं.) माझी बातमी फुटल्याच्या दुसऱ्या सकाळी ते बाकावर येऊन बसले, कॉफी मागितली आणि म्हणाले, "वेंग, एक गोष्ट ध्यानात ठेव. पगाराच्या बोलण्यात जो आधी आकडा बोलला तो मेला. तुझ्या पायावरनं प्रवाशांनी भरलेली ट्रायसिकल गेली तरी चालेल, पण आकडा बोलायचा नाही." मला हा सल्ला फार आवडला. मला तसाही आकडा बोलता येणार नव्हता. आता ती लाज न राहता डावपेच झाला.

हॉलंडच्या मालकांचं नाव विबे. वय पन्नाशीचं, माणूस उंच (पडद्यात कपाळ मावत नाही), आणि सरळ इतका की आपण त्याला पाहून वाकडे दिसतो. पहिल्याच दिवशी म्हणाले, "सर नको, नुसतं विबे म्हणा." मी म्हणाले, "हो, सर विबे." त्यांनी आधी माझं काम बघितलं. आमच्या लॅबच्या मॅडमनी मोठ्या मनानं परवानगी दिली, जेरालीननं फोन धरला आणि मी एका तासात एकशे ऐंशी रोपं लावली. विबे म्हणाले, "हे फारच छान आहे." मी म्हणाले, "नशिबानं जमलं, सर." यात माझं काय चुकलं, तूच सांग. कुणी स्तुती केली की भलं माणूस दुसरं काय म्हणतं? पण विबेंचा चेहरा गंभीर झाला. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि सांगितलं, नशिबानं असेल तर उद्या पुन्हा पाहू. दुसऱ्या दिवशी एकशे त्र्याऐंशी झाली. छान, म्हणाले. "देवाची कृपा, सर." पुन्हा वही. तिसऱ्या दिवशी जेरालीननं एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात पुठ्ठा धरला होता, त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: 'फक्त थँक यू म्हण आणि गप्प बस.' मी थँक यू म्हणाले आणि सुटले. नाहीतर अजून रोपंच कापत बसले असते.

मग पगाराच्या बोलण्याचा दिवस आला. वेळ आपली दुपारी चारची, त्यांची सकाळी नऊची. गल्लीनं माझ्यासाठी काय केलं ऐक. त्या दिवशी तिसऱ्या घरात वाढदिवस होता, तरी त्यांनी कॅराओके बंद ठेवला. कोंबडे टोपल्यांखाली झाकले. पोरांना बर्फाच्या कांड्या देऊन गप्प केलं. आणि मग सगळे जण इतके गप्प होऊन आपल्या खिडकीखाली उभे राहिले की मला तीस माणसांचा श्वास ऐकू येत होता. नोय तिबो खिडकीच्या अगदी खाली, स्टुलावर.

बोलणं सुरू होतं न होतं तोच ताताय भाताची ताटली घेऊन माझ्या मागून गेले. समोर माणूस दिसला की 'या, जेवायला' म्हणायचं, मग तो दारात असो की पडद्यात. तातायंनी ताटली उचलून दाखवली आणि विबेंना जेवायला बोलावलं. विबे म्हणाले, "धन्यवाद. माझा नाश्ता साडेसातला झाला." संपलं. 'वा, काय केलंय' नाही, 'पुढच्या वेळी नक्की' नाही. मानांग, तिथेच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. या माणसाला तुम्ही जे विचाराल त्याचंच तो उत्तर देतो, आणि जे सांगाल तेच तो ऐकतो.

विबेंनी विचारलं, तुमची अपेक्षा किती? मी म्हणाले, तुम्ही ठरवाल ते, सर. ते म्हणाले, पण मला तुमच्याकडून कळायला हवं. मी म्हणाले, तुम्हाला योग्य वाटेल ते, सर. खिडकीखालून नोय तिबोंचा अंगठा वर आला. विबेंनी तिसऱ्यांदा विचारलं. मी हसले. (तू ओळखतेस ते हसू. दाताच्या डॉक्टरकडे हसते ते.) शेवटी तेच थकले आणि म्हणाले, "ठीक आहे. तेवीसशे."

तेवीसशे! माझ्या आकड्याहून तीनशे वर. आनंदानं मला घेरी यायची बाकी होती. आणि त्या आनंदात माझ्या तोंडून जे आपल्या आईनं, आजीनं, तूही माझ्या तोंडात घालून ठेवलं आहे तेच निघालं: "अहो नको सर, एवढे कशाला! फार होतात."

आठवतं ना तुला, तिया उर्साच्या घरी मी पहिल्या विचारण्यालाच बिबिंका केकचा तुकडा उचलला आणि तू टेबलाखालून माझ्या मांडीला असा चिमटा काढलास की तीन दिवस वळ होता? पहिला 'नको' सवयीचा, दुसरा 'नको' संस्कारांचा, तिसऱ्यांदा आग्रह झाला की हात पुढे करायचा. पाचव्या वर्षी शिकलेलं चव्वेचाळिसाव्या वर्षी विसरत नाही. मी आग्रहाची वाट बघत होते. विबेंचा चेहरा मात्र उजळला. "इतक्या प्रामाणिकपणाबद्दल आभार," ते म्हणाले, "मग एकवीसशे करू या." आणि लिहून टाकलं.

खिडकीखालून तीस गळ्यांतून एकच 'आय्!' निघाला.

"तिथे कुणी आहे का?" विबेंनी विचारलं.

"नाही सर. वारा."

मग वारा खोकला. त्यानंतर वारा स्टुलावरून पडला.

फोन बंद झाल्यावर गल्ली घरात शिरली. नोय तिबो कंबर धरून म्हणाले, "अगं, म्हशीला पाणी दाखवताना तरी दुसऱ्यांदा विचारतात! त्यानं एकदाही आग्रह केला नाही? कसल्या घरचा माणूस आहे हा?" नांग पासिंग म्हणाल्या, त्याला आई नसेल बिचाऱ्याला. सगळ्यांना विबेंची दया आली. मी शांत होते. दोनशे गेले खरे, पण एकवीसशे म्हणजे माझ्या आकड्यापेक्षा शंभर वरच. वाढदिवसवाल्यांनी कॅराओके सुरू केला आणि मी दोन गाणी म्हटली, माझं गाणं कसं असतं तुला माहीत आहे, म्हणजे मी किती खुशीत होते ते समज.

चार दिवसांनी कराराचा कागद आला. जेरालीन तो वाचत बसली. पहिल्या पानावर ती गुणगुणत होती. तिसऱ्या पानावर थांबली. "तिता," भाची म्हणाली, "हे एकवीसशे तुला दिसणार नाहीत. फक्त ऐकू येतील." त्यातून आधी सरकारचा कर जाणार, मग विम्याचा हप्ता, मग खोलीचं भाडं. हातात उरणार चौदाशे आणि वर किरकोळ. मी तो कागद उलटा करूनही बघितला, मागच्या बाजूला काही चांगलं लिहिलं असेल म्हणून.

ताताय नुसते म्हणाले, "भीड भिकेची बहीण," आणि अंगणात गेले. तुला माहीत आहे, ते फार कमी बोलतात आणि बोलतात ते लागेल असं.

मग मी विबेंना पत्र लिहायचं ठरवलं. तोंडानं होत नाही ते लेखणीनं होईल. चार दिवस लिहीत होते. सुरुवातीला त्यांच्या कुटुंबाच्या आरोग्यासाठी प्रार्थना, मग त्यांच्या आईची (नांग पासिंगच्या शंकेमुळे) खास चौकशी, मग तिकडच्या थंडीबद्दल काळजी, मग मला संधी दिल्याबद्दल आभार, मग आमच्या लॅबचा इतिहास, मग पुन्हा आभार, आणि अगदी शेवटी, सहीच्या जरा वर, 'आकाशात ढग कसे येतात-जातात तसे काही आकडेही कधी कधी बदलू शकतात, असं काही लोक म्हणतात' एवढं एक वाक्य. जेरालीननं वाचून कपाळावर हात मारला. मला तर ते वाक्य फारच उद्धट वाटत होतं, दोनदा खोडलं होतं. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. तीन ओळी: 'प्रार्थनेबद्दल आभार. आई बरी आहे. तुमच्या पत्रात मला प्रश्न सापडला नाही. काही प्रश्न आहे का?'

त्या दुपारी लॅबमध्ये बाटल्या धुताना मला तुझी एजन्सीतली दुपार आठवली. तू पस्तीस वर्षांची होतीस. टेबलापलीकडच्या बाईनं चष्म्यावरून बघत विचारलं, किती हवेत? आणि तू म्हणालीस, तुम्ही द्याल ते, मॅम. मी शेजारीच उभी होते, दोन वर्षांच्या जेरालीनला कडेवर घेऊन. मला तुझा अभिमान वाटला होता, काय सभ्य आहे माझी बहीण! त्या बाईनं जो आकडा लिहिला त्यावर आपलं घर उभं राहिलं, जेरालीन शिकली, तातायंच्या डोळ्यांची ऑपरेशनं झाली. पण तुला किती हवे होते, मानांग? सतरा वर्षांत ते तुला कुणी विचारलं नाही. मीही नाही. तू पाठवत गेलीस आणि मी 'एवढे कशाला' म्हणत घेत गेले. साबणाच्या पाण्यात हात घालून मी कितीतरी वेळ उभी होते. मॅडमना वाटलं बाटली फुटून हात कापला. मी म्हटलं, नाही, वारा. (हल्ली कुणी काही विचारलं की मी वारा म्हणते.)

विबेंना एका ओळीत कळवलं: हो, एक प्रश्न आहे. शुक्रवारी बोलू या, त्यांचं उत्तर आलं.

या वेळी मला खिडकीखाली कुणी नको होतं. पण गल्लीला 'या' म्हणता येतं, 'जा' म्हणता येत नाही. म्हणून मी नोय तिबोंकडे गेले आणि म्हणाले, माझ्या यशासाठी तुम्ही गल्लीच्या पार टोकाला कॅराओके लावा, फुकट. तुमचा आवाज ऐकून मला धीर येतो. फुकट म्हटल्यावर अख्खी गल्ली तिकडे गेली. त्यामुळे माझ्या आयुष्यातली सगळ्यात अवघड पंधरा मिनिटं नोय तिबोंच्या विरहगीतावर पार पडली. घरात फक्त जेरालीन, पुठ्ठा, आणि कोपऱ्यात नारळ खवत बसलेले ताताय.

मी म्हणाले, "सर, मला प्रश्न आहे."

"छान," विबे म्हणाले. "विचारा."

"सर, ते एकवीसशे..." आणि मी पुठ्ठ्याकडे बघितलं. जेरालीन पुठ्ठा हलवते आहे, त्यावर आकडा लिहिलेला आहे, मला दिसतो आहे, वाचता येतो आहे, पण जिभेवर येत नाही. मी पुन्हा म्हणाले, "सर, ते एकवीसशे फार छान आहेत, पण..." आणि पुन्हा पुठ्ठ्याकडे. विबे वाट बघत होते. ते कितीही वेळ वाट बघू शकतात, हा त्यांचा फार मोठा दुर्गुण आहे.

तेवढ्यात कोपऱ्यातून तातायंनी, खवणीवरची नजर न उचलता, म्हटलं, "अगं, त्याला विचार ना, पोत्यासकट की पोत्याशिवाय?"

चाळीस वर्षं खोबऱ्याच्या वखारीत काट्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला जगात एवढा एकच प्रश्न महत्त्वाचा वाटतो, हे तुला सांगायला नको. विबेंनी विचारलं, ते काय म्हणाले? मी जसंच्या तसं सांगितलं. विबेंनी डोळे बारीक केले, एकदा तातायंकडे बघितलं, आणि मग तो माणूस हसला! मी पहिल्यांदाच पाहिलं. म्हणाले, "आमच्याकडेही फुलं विकत घेणारा विचारतो, कुंडी धरून की सोडून. तुमचे वडील बरोबर विचारतायत. एकवीसशे पोत्यासकट होते. तुम्हाला पोत्याशिवाय किती हवेत?"

"दोन हजार," मी म्हणाले.

म्हणाले, मानांग. माझ्याच कानांनी ऐकलं. पुढे 'सर' नाही, मागे 'तुम्हाला चालत असेल तर' नाही. छत कोसळलं नाही. सान्तो निन्यो जागचे हलले नाहीत. पलीकडे नोय तिबो वरच्या सुरात फाटले, तेवढंच काय ते झालं. मला वाटलं होतं की मागितलं म्हणजे आपण लहान होतो. उलट मी खुर्चीत जरा सरळ बसले होते, पाठ टेकून, जशी मी स्वतःच्या घरात बसते.

विबेंनी लिहून घेतलं आणि विचारलं, दोन हजारच का? मी त्यांना कारण सांगितलं, एका वाक्यात. (तुला तेच सांगायला मला सगळं पत्र लागलं आहे आणि अजून सांगून झालेलं नाही.) ते मग म्हणाले, "हिशेब माझी बहीण बघते, तिला विचारून कळवतो." आणि जाता जाता म्हणाले, "तुम्ही त्या दिवशी 'फार होतात' म्हणालात, तेव्हा मला आश्चर्य वाटलं होतं. मी घरी सांगितलं. बायको म्हणाली, विबे, तू काहीतरी चुकला आहेस. पण काय चुकलं ते आम्हा दोघांनाही सापडलं नाही." मी म्हणाले, तुमचं काही चुकलं नाही, सर. ते म्हणाले, "चुकलं असेल तर सांगा." मग मी सांगितलं: "तुम्ही दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं." त्यांनी तेही वहीत लिहून घेतलं. आता त्या गावात पुढे कुणी आपल्या देशाची बाई गेली तर तिला सगळं दोनदा विचारलं जाईल. तिला कळणारही नाही हे कुणाचे उपकार.

तीन दिवस मी जेवले नाही असं लिहिणार होते, पण तू जेरालीनला विचारशील, म्हणून खरं लिहिते, दुप्पट जेवले. चौथ्या दिवशी नवा कागद आला. पोत्यासकट पंचवीसशे ऐंशी, खोलीचं भाडं निम्मं, आणि एक सायकल. हातात उरतात एकोणीसशे पंच्याऐंशी. म्हणजे पंधरा कमी. गल्लीत दोन तट पडले. नांग पासिंगचा तट म्हणाला, सायकल पंधराची नाही का? नोय तिबो म्हणाले, "पंधरासाठी कुणी नरड्याला हात घालतं का? पण घालायचाच असेल तर आत्ता घाल." मी मेणबत्तीकडे बघितलं आणि विबेंना लिहिलं: 'पंधरा युरो कमी आहेत.' एवढंच. प्रार्थना नाही, ढग नाहीत. चार मिनिटांत उत्तर: 'बरोबर. दुरुस्त केलं.' तो कागद मी छापून आणला. आणि लगेच मला इतकी लाज वाटली की बाजारात जाऊन विबेंच्या बहिणीसाठी सुक्या आंब्यांची सहा पाकिटं घेऊन आले. हिशेब केला तर ती पंधरा युरोंना पडली.

(सायकल मला येत नाही. नोय तिबो शिकवत आहेत. सौदीत त्यांच्याकडे होती म्हणे.)

तर असं सगळं आहे. थोडक्यात लिहिते म्हणता म्हणता वाढलं. म्हातारीला माझा नमस्कार सांग, तिला कळलं नाही तरी सांग. गुडघ्याला आल्याचं तेल लाव.

तुझा हात पुन्हा एकदा कपाळाला लावून,
तुझी धाकटी,
वेंग

ता. क. पार्सलात सुकी मासळी आहे. तीन पिशव्यांत गुंडाळली आहे. लिफ्टमध्ये उघडू नकोस.

ता. क. दुसरा. मी अजून सही केलेली नाही. विबेंना अठ्ठावीस तारखेपर्यंत उत्तर हवं आहे. कशासाठी थांबला आहात, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी म्हटलं, माझ्याही एका बहिणीला विचारायचं आहे. 'दोन हजारच का' याला त्या दिवशी मी त्यांना दिलेलं एका वाक्याचं उत्तर असं होतं: 'म्हणजे माझी बहीण घरी येऊ शकेल.' तुझा करार वीस मार्चला संपतो. या वेळी पुढे वाढवू नकोस. ये. तू म्हणशील, छे, मी तिथे येऊन काय करू. मग म्हणशील, अजून दोनच वर्षं, जेरालीनची पदवी होऊ दे. ते दोन्ही 'नको' माझ्याकडे पोचले असं समज आणि मला एकदम तिसरं उत्तर पाठव. आणि ते पाठवताना, तुला काय हवं आहे, तेही लिही. मी विचारते आहे. दोनदा विचारते आहे.

ता. क. तिसरा. तातायंना मी तुझ्या येण्याबद्दल काहीही सांगितलेलं नाही, विबेंना सांगितलं तेही इंग्रजीत. तू नाही म्हणालीस तर त्यांना उगाच लागायला नको. पण आपल्या घराच्या भिंती बांबूच्या. काल सकाळी ते कुणाला न सांगता न्हाव्याकडे गेले आणि डोक्याचे केस काळेभोर करून आले. एक कानही काळा झाला आहे. गावची जत्रा नाही, कुणाचं लग्न नाही. मी विचारलं, हे काय? तर म्हणाले, "दोरायनं मला समोरासमोर बघितलं त्याला सहा वर्षं झाली. उगाच दचकायला नको पोरीनं." हा रंग सहा आठवडे टिकतो, असं न्हाव्यानं सांगितलं आहे.